तीन प्रोग्राम आणि पंधरा तोळे

रविकुमारला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गुलबर्ग्यात आम्ही एकाच कॉलेजात नोकरीला. तो कॉम्प्युटर लॅबमध्ये, मी ग्रंथालयात. घरंही समोरासमोर. चहा पिताना गडी तीनदा उठणार, मोबाईल बघणार, "बाजार पडायलाय" म्हणणार आणि चहा गार करून ठेवणार.

याला कारण होतं. दहा वर्षांपूर्वी एका पाव्हण्यानं त्याच्या गळ्यात विमा मारला. हप्ते भरून भरून हाती आलं ते बँकेच्या व्याजापेक्षाही कमी. दुधानं तोंड पोळलं, तेव्हापासून तो ताकही फुंकून पितो. गेल्या वर्षी त्यानं ठरवलं, एजंट नको. आपल्या गुंतवणुकीचा समतोल आपणच राखायचा, तोही ओपन सोर्स प्रोग्रामवर. "फुकट हाय म्हणून न्हाई. आतलं सगळं उघडं असतंय, कुनी फसवू शकत न्हाई."

झालं, डोक्यात किडा शिरला. पहिला प्रोग्राम रंगीत आलेख छान काढायचा, पण लाखाचा स्वल्पविराम भलत्याच जागी टाकायचा. दुसऱ्यासाठी घरचा कॉम्प्युटर सारखा चालू ठेवावा लागे. लाईट गेली की बंद. तिसऱ्यात सगळं हातानं लिहायचं, तुरीच्या अडतीतल्या चोपडीसारखं. पाच महिने हा तिन्हींची तुलना करत होता. मुदत ठेव, फंड, सोनं किती टक्के असावं ते आधी ठरवायचं. मग जे वाढलं ते विकायचं, जे घटलं ते घ्यायचं, युक्ती एवढीच. पण हा रोज आकडे भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. त्याला बघून मलाच धाप लागायची.

एका रविवारी सकाळी त्यानं मला हाक मारली. "ये, बघ! तिन्ही एकच सांगायलेत!"

सोन्याचा भाव चढला होता. एकूण पन्नास लाखांत सोनं अठरा लाखांचं, म्हणजे छत्तीस टक्के; ठरवलेलं वीस. पडद्यावर उत्तर होतं: पावणेसात तोळे विका. सराफाला फोनही करून झाला होता, अकराला जायचं होतं.

त्याची बायको मल्लेश्वरी, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, चुरमुऱ्यांच्या सुसल्याच्या बशा घेऊन आल्या आणि पडद्यापाशी थबकल्या.

"कुनाचं सोनं?"

"आपलंच की."

"पंधरा तोळे व्हय? मग ते माजं." बशा ठेवून त्या खुर्चीवर बसल्या. "हळ्ळीखेडची चार एकर कुठं हाय यात?"

"ती टाकली न्हाई."

"कामून?"

"माज्या अप्पाची, वाडवडलांची जमीन हाय ती. इकायची हाय का?"

"आन् सोनं माज्या अप्पाचं हाय." अक्कांचा आवाज जराही चढला नाही. "टाका जमीन. पंचवीस टक्के धरा. सोनं वीस तसंच ऱ्हाऊ द्या, बाकीचं कमी करा."

रविकुमारनं माझ्याकडे पाहिलं. मी बशीत बघत राहिलो. खरं तर मला त्याचा रागच आला होता. पाच महिने शेजारी बसून सोनं कुणाचं हे मीही विचारलं नव्हतं, त्याचा जास्त. त्यानं जमिनीची किंमत टाकली, एक कोटी. बटण दाबलं.

अडीच एकर जमीन विका. दहा तोळे सोनं घ्या.

"दुसऱ्यात बगा," अक्का म्हणाल्या. "तिसऱ्यात बी बगा."

तिन्हींनी तेच सांगितलं. मला हसू फुटत होतं, ते घासाबरोबर गिळलं. रविकुमार उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. सराफाला फोन करून येत नाही म्हणाला. मग त्यानं सोन्याची ओळ पुसून टाकली.

"चुकलं माजं," तो म्हणाला.

"बावीस वर्षं कपाटातल्या लॉकरची किल्ली तुमच्यापाशीच हाय," अक्का म्हणाल्या. "एकदा तोंडानं इचारलं असतं, तर दिलं असतं. आता न्हाई."

आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.