ठकीचा श्रावण

माझ्या सासूबाई एसटीत कंडक्टर होत्या. कलावती हे त्यांचं नाव खोपट डेपोत आजही काढलं, तर जुनी माणसं आधी हसतात आणि मग जरा सरळ बसतात. सख्खा दीर एकदा त्यांच्या गाडीत चढला. "वहिनी, मी आहे," म्हणाला. "ओळखलं की. कुठलं देऊ?" म्हणाल्या आणि तिकीट फाडून त्याच्या हातात ठेवलं. नियम सगळ्यांना सारखा, यावर त्यांचा कुलदेवतेइतकाच विश्वास.

दुसरी सवय मोजण्याची. गाडी सुटण्याआधी डोकी मोजायची, हिशेब जुळला की मगच दोनदा घंटी. रिटायर झाल्या, पण ही सवय काही रिटायर झाली नाही. कुणाच्या लग्नाला निघताना रिक्षात बसलेल्या आम्हा तिघांनाही त्या मोजतात आणि रिक्षाच्या दांडीवर दोनदा टकटक करतात. आमच्या कोपरचे रिक्षावाले आता त्याशिवाय किक मारत नाहीत.

अशा घरात मी लग्न करून आले ती लॅपटॉप घेऊन. ऑफिसातून आल्यावर लोक मालिका बघतात, मी डायनासोर पाळते. खेळ असा आहे की एका बेटावर तग धरून राहायचं, घर बांधायचं, जंगली जनावरं माणसाळवायची. खरी गंमत पुढेच आहे. आपण लॅपटॉप मिटला तरी ते बेट चालूच राहतं. मी ठाण्याला ऑफिसात मान मोडून काम करत असते, तेव्हा तिकडे माझ्या जनावरांना भूक लागत असते. म्हणून निघण्याआधी गव्हाण भरून ठेवायची. जवळपासची जनावरं तिच्यातून आपापलं खातात. गव्हाण रिकामी पडली तर उपाशी मरतात, आणि मेलेलं जनावर परत येत नाही.

माझी अकरा जनावरं. त्यातली दहा पालेभाजीवाली, गरीब. अकरावी ठकी. दोन पायांवर चालते, तोंडभर दात, नजर तर थेट आमच्या ऑफिसातल्या मॅनेजरबाईंची. तिला माणसाळवायला अख्खा रविवार गेला. मी तिच्यापुढे मांस टाकत बसलेले आणि सर्वेश, माझा नवरा, मला वरणभात भरवत होता.

"पाळायचंच तर कायतरी खरं पाळ," आई, म्हणजे सासूबाई, तेव्हा म्हणाल्या. "दूध तरी देईल."

पण रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्या माझ्यामागे उभ्या राहायला लागल्या. "अकरा आहेत ना गं?" "आहेत आई." "मग ठीक." कपावर दोनदा टकटक.

या श्रावणात मला डेंग्यू झाला. डोंबिवलीतच एका दवाखान्यात ठेवलं. सर्वेश माझ्याजवळ होता, आणि खेळातली माझी जोडीदार नयन गावाला, जिथे फोनला रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं. तापात मला दुसरं काही सुचत नव्हतं. ठकी मरेल, एवढंच डोक्यात. कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. बाई सलाईनवर आहे आणि रडते कोणासाठी, तर कॉम्प्युटरमधल्या पालीसाठी.

आईंनी बरोबर ओळखलं. "मी घालते त्यांना. त्यात काय? भरलेल्या एसटीला सांभाळलंय मी."

फोनवर मी शिकवलं, त्या शिकल्या. या पेटीतून उचलायचं, त्या गव्हाणीत सोडायचं. रोज फोन यायचा. "गव्हाण काठोकाठ आहे. अकरा मोजली. तू झोप." मीही झोपत होते.

मग एकदा सहज म्हणाल्या, "बाकी सगळी बरी आहेत, ठकी जरा मलूल वाटते."

मी ताडकन उठून बसले. व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. आधी थोडा वेळ आईंचं कपाळ दिसलं, मग पंखा, मग लॅपटॉप. गव्हाण काठोकाठ होतीच. पण आत नुसती बोरं. आणि तिच्या शेजारी ठकी, भुकेची पट्टी लाल होऊन तळाला टेकलेली.

"आई, मांस कुठाय? निळ्या पेटीत ठेवलेलं!"

"आहे की. हात नाय लावला."

"का?"

"का म्हणजे? श्रावण आहे."

आमच्याकडे श्रावण लागला की मासळीची पातेली वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात, ती गणपती गेल्यावरच खाली येतात. माझ्या माहेरी, कळव्याला, फक्त सोमवार पाळायचे. इथे आल्यावर मी महिनाभर पाळायला लागले. कोणी बळजबरी केली नाही, मीही कधी विचारलं नाही. नियम सगळ्यांना सारखा होता.

"आई, ती मांसाहारी आहे. तिला बोरं पचतच नाहीत."

"महिनाभर नाय खाल्लं तर कोण मरत नाय."

"ती मरते आई! खरंच मरते. तिला नाही कळत श्रावण. तुमचा उपास तिला कशाला?"

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून जरा जोरातच गेलं. सर्वेशनं माझ्या हातातला फोन काढून घ्यायचा प्रयत्न केला. मी दिला नाही. रागच आला होता मला, आणि भीतीही वाटत होती.

पलीकडे फोन टेबलावर उभा करून ठेवल्याचा आवाज आला आणि मला आमचा हॉल दिसला. आई उठल्या. देव्हाऱ्याकडे गेल्या. देवांना नमस्कार केला आणि देव्हाऱ्याचा छोटा पडदा ओढून घेतला. मग येऊन बसल्या, चष्मा नीट केला आणि निळी पेटी उघडली. एक एक तुकडा उचलून गव्हाणीत सोडला. माऊस दोन बोटांनी धरलेला. ठकीनं मान खाली घातली. लाल पट्टी हलली, थोडी वर चढली, आणखी चढली.

"खातेय," आई म्हणाल्या. "अगं, खातेय बघ. केवढी भुकेली होती!" त्यांचा आवाज बदललेला मला कळला. मग त्या आत गेल्या आणि साबणानं हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वतः डबा घेऊन आल्या. एरवी डबा शेजारच्या मुलाच्या हाती पाठवायच्या. मुगाची खिचडी असणार हे मला माहीत होतं. रोज तीच असायची आणि रोज मी दोन घास खाऊन ठेवायचे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, अशक्तपणा फार आहे, अंडी खा. मी मान डोलावलेली. घरी हा विषय काढायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. सर्वेशच्याही नाही.

आईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला वेगळा डबा काढला. आत सोललेली, मीठमिरी लावलेली दोन उकडलेली अंडी.

सर्वेश बघतच राहिला. "आई, कुठून आणलीस?"

"घरी उकडली. स्टूल घेऊन माळ्यावरचं पातेलं काढलं."

"श्रावणात? आणि देव?"

"पडदा ओढलाय." मग माझ्याकडे वळल्या. "सकाळी दवाखान्यात फोन केला तेव्हा कळलं. डॉक्टर काय बोलले ते मला का नाय सांगितलंस? काल त्या पालीसाठी माझ्यावर ओरडलीस. स्वतःसाठी तोंड उघडता येत नाय तुला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी माया मला कुणी आजवर ओरडून दाखवली नव्हती. "नियम आहे ना आई," मी कसंबसं म्हटलं.

"नियम आहे. पण आजाऱ्याला एसटीतसुद्धा सवलत असते. खा."

आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. अंड्याचा वास त्यांना श्रावणात सहन होत नाही, हे मला ठाऊक होतं. पदर नाकाला लावलेला, पण जागची हलल्या नाहीत. मी दोन्ही अंडी खाल्ली, एक कणसुद्धा ठेवला नाही.

"झालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"झालं."

"ठकीचं सकाळीच झालंय. दोघी जेवल्या," म्हणाल्या आणि रिकाम्या डब्याच्या झाकणावर दोनदा टकटक केलं.