पाच फूट तीन म्हणजे तीन मे

समाजाच्या वधू-वर मेळाव्याची माहिती कॉम्प्युटरवर घालायचं काम वडिलांनी मला न विचारताच माझ्यासाठी घेतलं. भिंगारच्या कॉम्प्युटर क्लासला मी नुकतीच जायला लागले होते. मला ते बरंच वाटलं. कोणाशी बोलावं लागणार नव्हतं.

एका ओळीत एक माणूस. नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा, पत्ता. मशीनवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून सगळं इंग्रजीत. बहुतेक मुलांना गोरी मुलगी हवी होती. त्यातल्या एकाच्या अर्जावरचा फोटो मी जरा जास्तच वेळ पाहिला आणि पुढच्या रकान्यात गेले.

गठ्ठ्यात माझाही अर्ज होता, वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात. अपेक्षा : सासरचे म्हणतील तसं. मी ते मुकाट्यानं टाईप केलं. आणखी दोन अर्ज भरले. मग बाणाची कळ दाबत परत वर आले, ते वाक्य पुसलं आणि लिहिलं की लग्नानंतर मी नोकरी करणार. घरी हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

संध्याकाळी विहारात मंडळाची बैठक होती. वडीलही होते. मी छापील कागद दिले आणि दाराशी बसले.

"काय गं पोरी," अध्यक्षकाका म्हणाले, "ह्या मुलीची उंची तीन मे?"

"आन् ही सहा मे, हा नऊ मे," सचिव असलेल्या काकू वाचायला लागल्या. "अवो, मेळावा व्हायच्या आत तारखा काढल्या की हिनं!"

"लई फास्ट हाय बुवा कॉम्प्युटर."

माझे कान तापले. पाच फूट तीन इंच म्हणून मी पाच, मधे आडवी रेघ आणि तीन असं टाईप केलं होतं. मशीनला ती महिना आधी लिहिलेली तारीख वाटली, आणि पाच फुटांवरचा सगळा समाज मे महिन्यात गेला. सहा फूट एक इंचाचा एकच मुलगा होता, तो एक जूनला.

"ह्याचं काय ऐन पेरणीत लावता का?" काकूंनी विचारलं, आणि मलाही हसू आवरेना.

मग कोण कुठल्या तारखेला, हे बघायचा खेळच सुरू झाला.

"दोन मे कोण?"

"आमची," वडील म्हणाले. त्यांनी कागद जवळ घेतला आणि बोट ठेवून सावकाश मराठीत वाचलं, "लग्नानंतर मी..." ते थांबले. "पुढचं छापलंच नाही. काय आहे?"

रकाना अरुंद होता. वाक्य अर्ध्यात कापलं गेलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मशीनची चूक म्हणून सांगता आलं असतं, त्या दिवशी कोणालाही पटलं असतं.

"नोकरी करणार," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

"अर्जात तर येगळंच हुतं," काकू वडिलांकडे बघून म्हणाल्या.

वडिलांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर क्लासला आले. स्टूल ओढून शेजारी बसले आणि अर्जांवरून एकेक उंची मोठ्यानं सांगू लागले. मी तारखा पुसून फूट आणि इंच लिहीत गेले. माझी ओळ आली.

"पाच-दोन," ते म्हणाले. मग पडद्याजवळ वाकले. "आणि तो पुढचा रकाना रुंद कर. पूर्ण दिसलं पाहिजे."