पापड लाल होऊ नयेत म्हणून

"मावशी, अंगावरून केव्हापासून जातंय?" धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माय जमिनीकडे बघत म्हणाली, "पापडस्ना पहिलेपाईन."

बाईंना कळलं नाही. मला कळलं, पापडांच्या आधीपासून. पापड आमच्याकडे उन्हाळा लागताना होतात, आणि आता दिवाळी उलटून गेली होती.

बायोप्सी झाली, म्हणजे आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर बाईंनी मला बाजूला बोलावलं. "कार्सिनोमा सर्व्हिक्स. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पसरलाय. पाळी गेल्यावर परत रक्त जायला लागलं तर ती पाळी नसते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

नव्हतं. म्हणून वाचणाऱ्या बायांनो, हे आधीच लिहून टाकते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरकडे जा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आमचं गाव पारोळ्याजवळ. ज्वारीच्या पापडांना आम्ही बिबड्या म्हणतो. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या घरच्या, गल्लीतल्या साऱ्या बाया मिळून करतात. मोठ्या पातेल्यात पीठ घेरायचं, म्हणजे गुठळी होऊ न देता शिजवायचं काम मायचं. ती कुणाला नाही म्हणायची नाही. ज्या घरात करणारं कुणी नाही त्यांच्या बिबड्या आधी, आमच्या सगळ्यात शेवटी. गल्ली तिला अक्का म्हणायची.

त्या वर्षी तिने पातेल्याला हात लावला नाही. सावली पडणार नाही अशी ओट्याच्या टोकाला बसायची आणि तिथूनच सांगायची, आता तीळ टाका, आता जाळ कमी करा.

शेजारची, मायच्याच वयाची सुमनकाकी हसून म्हणाली, "अक्का आते राणी व्हई गयी. बठी बठी हुकूम सोडस."

"हात दुखतस वं," माय म्हणाली.

हात दुखत नव्हते. पाळीतल्या बाईचा हात लागला, सावली जरी पडली, तरी पापड तळताना लाल होतात, असं आमच्याकडे मानतात. मायला वाटलं, इतक्या वर्षांनी पाळी परत आली. नातवंडांच्या आजीने हे कुणाला सांगायचं? लाजून गप्प राहिली. आणि गल्लीचं वर्षाचं खाणं आपल्यापायी बिघडू नये म्हणून गुपचूप लांब बसली. सगळ्यांचे पापड वाचवले तिने.

आमच्या महिला मंडळाच्या पत्रकात आम्ही 'अज्ञान' असा शब्द छापतो. तो मला आता पुरत नाही. मी याला खून म्हणते. खुनी दाखवता येत नाही, कारण त्यात सगळे आपलेच आहेत, आणि सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लेलं आहे.

रेडिएशन, म्हणजे बाया ज्याला शेक म्हणतात, ते आम्ही गेलो तिथे नव्हतं. मुंबईला न्या म्हणाले. इथला कापूस न् केळी ट्रक भरभरून जातात मुंबईला. आजारी बाई कशी न्यायची ते कुणी सांगत नाही. पुढे मोठ्या डॉक्टरांनी तेही मोडीत काढलं. "प्रवास झेपणार नाही त्यांना. उशीर झालाय. रक्त चढवू, दुखणं कमी करू. तेवढंच."

वॉर्डात माय भिंतीकडे सरकून झोपायची. एकदा भाऊ पिंकीला, म्हणजे आपल्या लेकीला, घेऊन आला. पोरगी धावत खाटेकडे गेली तर मायने दोन्ही हात मागे घेतले.

"शिवू नको बेटा. लांब ऱ्हाय."

पिंकी रडायला लागली. पलीकडच्या खाटेवर सलाइन लावणाऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी पोरीला उचललं आणि मायच्या कुशीत ठेवलं. "आजी, हा कॅन्सर आहे. विटाळ नाही. घ्या नातीला."

मायचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिने पोरीला असं धरलं की सिस्टर म्हणाल्या, "हळू, सुई निघेल."

सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहिलं. आमच्या गल्लीत जे कुणी बोललं नाही, ते तुम्ही सलाइन लावता लावता बोलून गेलात. मी तुमची ऋणी आहे.

थंडी सरायच्या आत माय गेली. तेराव्याला वहिनीने त्याच वर्षीच्या बिबड्या तळल्या. पांढऱ्याशुभ्र फुलल्या. माझी मी पानात तशीच ठेवली.

उन्हाळा लागला. आमच्या अंगणात पातेलं चढवलं. मी लाकडी दांडा हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, मी आज पाळीत आहे, पीठ मीच घेरणार.

कुणी भांडलं नाही. एकेक बाई पदर झटकून उठली. थोड्या वेळाने गल्लीत दुसरीकडे चूल पेटली, तिचा धूर आमच्याकडे येत राहिला. माझ्या पिठात गुठळ्याच गुठळ्या झाल्या. मायचा हात मला नाही. आणि मी कितीही घेरलं तरी माय काही ओट्यावरून मला 'जाळ कमी कर' म्हणणार नव्हती.

वर बघितलं तर सुमनकाकी गेली नव्हती. मला वाटलं, रागवायला थांबली. पण ती काही जवळ येईना. ओट्याच्या टोकाला, सावली पातेल्यापासून लांब ठेवून बसली होती.

पदर तोंडावर धरून म्हणाली, "धुळानी सकायनी मोटर कितला वाजता शे वं?"