पारोळ्याची द्रौपदाबाई पटासमोर बसते

पारोळ्याच्या द्रौपदाबाई पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळायच्या. चुलीजवळच्या पत्र्याच्या पेटीवर पट मांडलेला. भाकरी भाजता भाजता पिठाच्या हातानंच सोंगटी उचलायची, पुढं ठेवून बघायची, मान हलवून परत आणायची. चाल पटली की मगच कार्ड टपालपेटीत.

अशा कार्डांनी त्यांनी धुळ्याच्या बुद्धिबळ मंडळातले भले भले हरवले. मंडळाचे चिटणीस अभिमन नानाही त्यांतच. नाना पेटले. "कार्डामागं कोण बसलंय, दिसतं का? नवरा सांगत असेल. बाईंनी समोर यावं, नाहीतर हे डाव आम्ही मोजणार नाही."

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात बाई नवऱ्यासह एसटीनं धुळ्याला आल्या. कमावलेलं सगळं खोटं ठरायची वेळ होती. खुणा करतील म्हणून नवऱ्याला, वनाभाऊंना, मंडळाच्या ओट्यावरच बसवलं. कुणीतरी डिवचलं, "काय भाऊ, आता कशी सांगणार चाल?"

"माले घोडा कसा चालस तेबी ठाऊक नही," वनाभाऊ बिडी शिलगावत म्हणाले. "तिलेच इचारा."

आत डाव रंगला. नानांच्या कपाळावर घाम आला. आणि ऐन भरात बाईंनी सवयीनं हत्ती उचलला, पुढं ठेवला, मान हलवली, परत आणला.

"बाई, हात लागला," नाना म्हणाले. "आता तोच चालवावा लागेल."

सभागृहात हशा पिकला. बाईंचा चेहरा उतरला. हत्ती कुठंही गेला तरी मरणारच होता. नाना मनानं मोठे, हळूच म्हणाले, "राहू द्या. पहिलीच वेळ आहे."

"नको नाना. तुमच्याकडून झालं असतं तर मी सोडलं असतं का?"

त्यांनी हत्ती चालवला आणि गमावला. मग उजव्या हाताला पदर गच्च गुंडाळला, तो हात मांडीवर दाबून धरला आणि नुसत्या डोळ्यांनी पट वाचू लागल्या. रिकाम्या रंगमंचावर एकटीनं अंक पेलावा, तशी ती बैठक! चाल पक्की झाली की पदर सुटे, प्यादं सरके, पदर पुन्हा आवळे. हसणारे खुर्च्या ओढून जवळ आले. उन्हं कलली तेव्हा नाना जिंकता जिंकता अडकले होते. डाव बरोबरीत सुटला.

नाना उठले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे डोकं यांचंच. मागचे सगळे डाव मोजले जातील." लगेच सोंगट्या मांडायला लागले. "बसा अक्का, अजून एक."

"गाडी चुकेल नाना. घरी गाय दोहायची आहे. कार्डावर चाल धाडा."

"समोर बसण्याची मजा कार्डात नाही हो!"

"नसेल. पण दर खेपेला धुळ्याला यायचं म्हटलं तर माझ्यासारखीनं खेळायचं कधी?"

 नाना दोघांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले आणि गाडी हलायच्या आत खिडकीतून आपली पहिली चाल सांगून मोकळे झाले.