दोन ओळींत फुटलेलं धरण

“साहेब, अख्खा पाडा पळाला! धरण फुटलं म्हणतात! आणि कळा देणाऱ्या सुनेला घेऊन म्हातारीसुद्धा रानात गेलीय!”

पोलीस पाटीलबाई इतक्या जोरात ओरडत होत्या की फोन नसता, तरी सूर्यमाळच्या डोंगरावरून मला ऐकू आलं असतं. निवृत्त झालो, पण तो आवाज अजून कानात ठाण मांडून आहे.

मी तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावणातली दुपार. धुकं असं की स्वतःची मिशी चाचपून शोधावी लागे. धरण शाबूत असल्याची मी खात्री करून घेतली. पण सुनेसाठी निघालेल्या रुग्णवाहिकेच्या चालकाने डांबरी रस्त्यावर परत येऊन फोन केला. पाड्यात चुली पेटलेल्या, कोंबड्या हिंडताहेत, माणूस एक नाही. त्या पोरीचं पहिलं मूल दगावलेलं होतं.

मी तातडीने खुलासा काढला. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, गोल शिक्का. अकरा ओळींचा दणदणीत कागद! सगळ्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल एका गुरुजींचा अंगठा आला. बस.

इतक्यात हवालदार एका जीपवाल्याला घेऊन आला. “साहेब, अफवा याच्या फोनवरून गेलीय.”

मी टेबलावर अशी मूठ आपटली की जव्हारच्या डेपोतली बंद एसटी चालू झाली असावी. “कोणी पाठवलं तुला हे?”

“मारू नका साहेब. तुम्हीच.”

त्याने फोन पुढे केला. नंबर आमच्याच ठाण्याचा. हवालदार छताकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी आपत्तीची रंगीत तालीम होती. त्यासाठी सकाळी मीच हवालदाराला दोन संदेश ग्रुपवर टाकायला सांगितले होते. पहिला लांबलचक: हा सराव आहे, घाबरू नये, वगैरे. दुसरा नमुन्याचा: ‘धरण फुटलं. उंचावर जा.’

“पहिला का नाही पुढे पाठवलास?”

“तो वाचेस्तोवर मोखाड्याहून जव्हार गाठलं असतं, साहेब. आणि पाड्यात वाचतंय कोण? रेंज फक्त वरच्या टेकाडावर. एक जण चढतो, काय आलंय बघतो आणि खाली हाक देतो. हाकेला दोन ओळी पुरतात. तुमचा ‘विषय’ नि ‘संदर्भ’ कोण ओरडणार?”

“मग आता माणसं गेली असतील कुठे?”

“उंचावर जा म्हणालात ना? टेकाडावर.”

म्हणजे जिथे रेंज, तिथेच! माझ्या शहाणपणाने सगळा पाडा नेमका फोन लागेल अशा जागी नेऊन ठेवला होता. मी पाटीलबाईंना फोन लावला आणि त्यांच्या घरच्या बोलीत आवाजाचा मेसेज टाकायला सांगितला: धरण शाबूत आहे, सून कुठे आहे ते बोलून पाठवा.

चहा निवायच्या आत उत्तर आलं. आवाज सासूचा, धापा टाकत. टेकाडाच्या मागच्या अंगाला, आंब्याखाली. पाड्यातल्या गड्यांनी गोधडीची झोळी केली आणि सुनेला डांबरीपर्यंत आणलं. रुग्णालयात पोहोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. दोघी ठणठणीत. ते कळलं तेव्हा मी असा निःश्वास सोडला की तालुक्यावरचं धुकं फाटलं. खोटं वाटत असेल तर हवालदाराला विचारा.

अफवेचा गुन्हा नोंदवायला कागद काढला होता, पण आरोपीच्या रकान्यात कोणाचं नाव घालावं यावर पेन अडलं. त्या दिवशी एक कळलं. ग्रुपवर टाकलं म्हणजे लोकांना कळवलं, असं होत नाही. फोनपासून पुढे निरोप कोणत्या तोंडाने जातो, हे आधी बघावं. त्यानंतर आमचा प्रत्येक संदेश हवालदार आवारात उभा राहून ओरडून बघायचा. दम लागला, की मी काटछाट करायचो.

मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी टोपी हातात धरून रुग्णालयात गेलो. म्हातारी नातीला दुपट्यात गुंडाळत होती. म्हटलं, “मावशी, धरणाचा तो निरोप माझाच होता. चुकलो.”

तिने मान वर न करता सांगितलं, “नागलीची भाकर करपली माझी तव्यावर.”