आ-गिमचं शेवटचं वाक्य

आ-गिम निबंध खालून लिहायची. कागद हातात पडला की आधी तळाच्या दोन ओळींत एक वाक्य लिहून टाकायची आणि मग वर जाऊन बाकीचा मजकूर. प्रौढांच्या शाळेत मी तिच्या शेजारच्या बाकावर बसायचे म्हणून मला दिसायचं. मला वाटलं, बाईला वर-खाली कळेनासं झालंय. मग ते वाक्य वाचलं आणि हसूच फुटलं, कारण तेच वाक्य माझ्याही कागदावर होतं. मी ते रीतसर शेवटी लिहिलं होतं, एवढाच फरक.

वाक्य असं: "म्हणून आपण सर्वांनी एकजुटीनं मुख्य भूमी परत जिंकू या आणि तिथल्या आपल्या बंधूंची सुटका करू या."

आम्ही लहानपणी शाळेत होतो तेव्हा तैवानवर लष्करी कायदा होता, आणि मुख्य भूमी म्हणजे कम्युनिस्टांच्या हाती गेलेला चीन. निबंध सहलीवर असो, आईवर असो, नाहीतर दात घासण्यावर असो, शेवट हाच करायचा. दात घासले की अंग निरोगी, अंग निरोगी की सैनिक बळकट, आणि सैनिक बळकट झाले की झालीच मुख्य भूमी आपली! असला बादरायण संबंध जोडण्यात आमची पिढी भलतीच तयार. कायदा उठला, मुलं झाली, नातवंडं झाली, पण पासष्टीला आल्यावर पुन्हा हातात पेन धरलं तर ते वाक्य आपोआप उतरलं. हाताची सवय.

आमचं गाव युनलिन जिल्ह्यातलं, टॉवेल विणणाऱ्यांचं. आ-गिमनं बाराव्या वर्षापासून मागावर काम केलं. मी, आ-लियान, बाजाराच्या तोंडाशी सोयाबीनचं दूध आणि अंड्याच्या पोळ्या विकायचे. नवरा गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायचं, म्हणून मी प्रौढांच्या शाळेत नाव घातलं. आ-गिमचं तसं नव्हतं. तिला माध्यमिकचा दाखला हवा होता. का हवा होता ते ती सांगायची नाही. विचारलं की म्हणायची, "तुला काय करायचंय? तू आपली तुझी अंडी सांभाळ."

राज्यकारभार, कायदा आणि इतिहास असा मिळून एक विषय होता आणि तो शिकवायला कुओ सर होते. तिशीही न गाठलेला मुलगा. माझ्या धाकट्याहून लहान, पण सर ते सर. हे सर पाठ काहीच करून घ्यायचे नाहीत. दर आठवड्याला फळ्यावर एक प्रश्न लिहायचे: वाईट कायदा पाळावा का? राजा चांगला असेल तर निवडणूक कशाला? बाजू घ्या, कारणं द्या, इतिहासातला दाखला द्या.

"सर, उत्तर काय?" लाइ आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. आजोबा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले.

"उत्तर तुम्ही द्यायचं, आजोबा."

"ते देतो हो. पण बरोबर उत्तर कुठलं?"

"बरोबर असं एकच उत्तर नाही."

"बरोबर उत्तरच नाही, तर मग मार्क कशाचे देता? हवेचे?"

पुढच्या आठवड्यात आजोबांनी सरांच्या टेबलावर रताळ्यांचं पोतं आणून टाकलं. "आता तरी सांगा," म्हणाले. सरांनी रताळी घेतली, सगळ्या वर्गाला भाजून घातली आणि उत्तर काही सांगितलं नाही. आजोबा महिनाभर फुगून होते.

मग तो कचऱ्याचा प्रश्न आला. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारी येईपर्यंत कचरा घरातच ठेवायचा, ही सक्ती सरकारनं करावी का? आ-गिमनं झकास लिहिलं होतं. उन्हाळ्यातल्या माशाच्या काट्यांचा वास, गाडीमागं पिशव्या घेऊन धावणाऱ्या म्हाताऱ्या, पूर्वी ओढ्यात कचरा टाकायचो तेव्हा ओढ्याचं काय झालं, सगळं. सर मोठ्यानं वाचत होते आणि आम्ही कान देऊन ऐकत होतो. शेवटी ते वाक्य आलं. सरांना हसू आवरेना.

"गिम मावशी, माशाच्या काट्यावरून डायरेक्ट युद्धावर?"

सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. आ-गिम हसली नाही. तिनं कागद घेतला आणि दप्तरात घातला. त्या सत्रात त्या एका विषयात ती नापास झाली, शेऱ्यात लिहिलं होतं की निष्कर्षाचा प्रश्नाशी संबंध नाही. बाकी सगळे विषय सुटले होते, दाखला तेवढ्या एका पेपरावर अडला. नव्या सत्रात तिची खुर्ची रिकामीच राहू लागली.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. गेले तिच्या घरी. बाईसाहेब ओट्यावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होत्या.

"कशाला रुसलीस? पोरगं आहे ते. हसलं जरा."

"रुसले नाही मी."

"मग ते वाक्य सोड की! त्याच्यावाचून काय अडलंय? मी सोडलं, आजोबांनी सोडलं."

"सुटत नाही," ती म्हणाली. "ते खाली लिहिलेलं असलं की मगच मला वर लिहिता येतं. नाहीतर हात चालत नाही."

मग तिनं सांगितलं. चौथीत असताना 'माझे वडील' हा निबंध होता. हिचे वडील ऊस लावायचे. आमच्याकडं जपान्यांचं राज्य होतं तेव्हापासून म्हण आहे, की ऊस लावून वजन कारखान्याला करू देणारा पहिल्या नंबरचा मूर्ख. हिनं ती म्हण लिहिली. वडील रात्री बोलायचे तेही लिहिलं, की काट्यावर ऊस नेहमी हलकाच कसा भरतो. आणि शेवटी लिहिलं, "कुणीतरी विचारायला हवं." ते नेहमीचं वाक्य लिहायचं राहून गेलं. दहा वर्षांची पोर, विसरली.

दिवेलागणीला मास्तर कागद घेऊन दारात उभे. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "हा मी वर पाठवला असता तर उद्या तुम्हीही नसता आणि मीही." वडिलांनी कागद चुलीत घातला. दुसऱ्या दिवसापासून हिची शाळा बंद.

"मास्तर वाईट नव्हते गं," आ-गिम म्हणाली. "बाबाही नव्हते. घाबरले होते दोघं. पण मरताना बाबा मला म्हणाले, तुला शिकवायला हवं होतं. मला एवढंच वाटत आलं, की मी ते एक वाक्य लिहिलं असतं तर शिकले असते."

तिच्यापुढचे उरलेले टॉवेल मी घड्या घालून टाकले.

मी उठून तडक शाळेत गेले आणि सरांना सगळं ऐकवलं, वर दोन शब्द माझेही. सर ऐकून लालबुंद झाले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी स्कूटर काढली. मी मागं बसले, घर दाखवायला. पण हातात कागद घेऊन जाऊ नये हे त्या पोराच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही.

आ-गिमनं दार उघडलं. समोर मास्तर, हातात तिचा नापास झालेला पेपर, दिवेलागणीची वेळ. तिचा रंगच उडाला. तिनं आत नवऱ्याला हाक मारली, "अहो, गॅस पेटवा!"

नवरा बिचारा चहासाठी म्हणून गॅस पेटवून बसला. सरांना काहीच कळेना. मला कळलं, कागद चुलीत घालायचा होता तिला.

"मावशी," सर दारातच वाकून म्हणाले, "मी माफी मागायला आलोय. हसायला नको होतं मी. हा तुमचा पेपर. ते वाक्य सोडलं तर वर्गातला सगळ्यात चांगला आहे. परत परीक्षा द्या."

"ते वाक्य..."

"तो कायदा उठून तीस वर्षं होत आली, मावशी."

"मला माहीत आहे हो," आ-गिम म्हणाली. "या हाताला माहीत नाही."

सरांनी हातातला पेपर घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "मग हाताला थोडं थोडं सांगू. दर आठवड्याला एक प्रश्न देईन. ते वाक्य खाली लिहा हवं तर. फक्त निबंध झाला की खोडून दाखवा मला."

असं चाललं थंडी पडेपर्यंत. आधी ती वाक्य लिहून खोडायची. मग अर्धं लिहून खोडायची. मग नुसती तळाशी बोट ठेवून बसायची. एकदा मी डिवचलं, "काय गं, बंधूंची सुटका झाली का?" तर म्हणाली, "तू आधी स्वतःची शुद्धलेखनातून सुटका कर." तेव्हा मला वाटलं, ही पास होणार.

परीक्षेच्या दिवशी प्रश्न आला: सरकारला प्रश्न विचारणं हे नागरिकाचं कर्तव्य की सरकारला त्रास? इतिहासातल्या एका उदाहरणानं स्पष्ट करा.

मी माझा पेपर लिहायचा सोडून तिच्याकडंच बघत होते. तिनं कागद घेतला. नजर तळाकडं गेली. हात तिथपर्यंत गेला. मग तिनं हात उचलला, वर आणला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला लागली. ऊस, काटा, ती म्हण, जपान्यांच्या वेळचे उठाव करणारे शेतकरी, त्यांचे खटले, मग तिचे वडील, मास्तर, चूल. कागद भरत खाली खाली आला. तळाच्या दोन ओळी तेवढ्या कोऱ्या राहिल्या. वेळ संपत आली. मग तिनं लिहिलं. तीन शब्दच असतील. पेन खाली ठेवलं आणि जिंकलेल्या पैलवानासारखी मागं रेलून बसली. लहान पोरांची खुर्ची ती, करकरली.

ती पास झाली. नुसती पास नाही, त्या विषयात शाळेत पहिली आली. आजोबांनी तिच्या दारात फटाक्यांची माळ लावली आणि नवऱ्यानं दारावर लाल कापड टांगलं. कुणी तरुण डॉक्टर झाला की टांगतात तसं, हे भलंमोठं. ये-जा करणारे विचारायचे, "कुणाचा नातू पास झाला?" तो छाती फुगवून सांगायचा, "नातू नाही, बायको!"

एप्रिलमध्ये थडगी साफ करायचा सण आला. तिनं मला बरोबर नेलं. वडिलांच्या थडग्यावरचं गवत कापलं, कोंबडी, फळं, तांदळाची वडी मांडली, उदबत्त्या लावल्या. कागदी नोटा जाळायला डबा पेटवला आणि पिशवीतून तो पेपर काढला. सरांच्या सहीचा, लाल शाईचा.

"अगं ए!" मी ओरडले. "खरा पेपर जाळतेस? झेरॉक्स तरी जाळ!"

"झेरॉक्स भिंतीवर लावलीय," ती म्हणाली. "बाबांना झेरॉक्स नको."

आमच्यात पल्याडच्यांना जे पोचवायचं ते आगीतूनच पोचवतात. मी शेवटची ओळ वाचून घेतली. ते मुख्य भूमीचं वाक्य नव्हतं. तिथं लिहिलं होतं, "मी विचारते आहे."

तिनं पेपर आगीत धरला. कडेनं काळा झाला, वळला, वर गेला. मग तिनं कौल लावायला दोन नाणी हातात घेतली आणि थडग्याला विचारलं, "बाबा, वाचलंत का?" नाणी टाकली. दोन्ही सुलटी. म्हणजे म्हातारा नुसताच हसतोय, हो-नाही काही सांगत नाही.

"हसू नका," आ-गिम डोळे पुसत म्हणाली. "नीट सांगा."

पुन्हा टाकली. एक सुलटं, एक उलटं. हो, वाचलं.

तिनं नाणी उचलली, तांदळाची वडी अर्धी मोडून मला दिली आणि आम्ही थडग्यापाशीच बसून खाल्ली.