रविवारी चार वाजताचा कॉल

माझा नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. एकदा गेला की आठ-नऊ महिने घरी यायचा नाही. आम्ही तेव्हा रोडपालीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो, मी आणि सासूबाई. त्या मूळच्या उरणच्या. उभं आयुष्य मासळी विकण्यात गेलं, मग गुडघे गेले आणि त्यांच्यामागोमाग कानही. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, त्यामुळे आमच्याकडे आल्यापासून त्या खाली उतरल्याच नाहीत.

माझ्या साध्या मोबाईलवर त्यांना मुलाचा आवाज ऐकू यायचा नाही. कॉम्प्युटरवर मात्र त्याचं तोंड दिसायचं आणि ओठ हलताना बघून त्यांना बरंचसं कळायचं. जहाज बंदराला लागलं की तो तिथल्या खलाशांच्या क्लबातून कॉल करायचा. तीन-चार आठवड्यांतून एकदा. त्या दिवशी सासूबाई सकाळीच मला काहीतरी करायला लावायच्या, कधी बोंबील, कधी जवळा. मग ती ताटली कॅमेऱ्यासमोर धरायच्या. "बग, आज काय हाय."

आमचा कॉम्प्युटर जुना होता. मागच्या कॉलला चित्र सारखं अडकत होतं. त्याचं तोंड अर्धं उघडं राहून थिजलं की त्या मला विचारायच्या, "हा बोलत का नाय?" म्हणून पुढच्या कॉलच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी नवा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आणली. पनवेलचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, कॅबिनेट घेऊन या, बसवून देतो. सोमवारी मिळेल." मी म्हणाले, "मला येतं." लग्नाआधी मी हार्डवेअरचा कोर्स केला होता. पुढे द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात डेटा एंट्रीच करत राहिले, पण आपल्याला हे येतं याचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडा जास्तच.

शनिवारी संध्याकाळी जुना बोर्ड काढला, नवा बसवला, सगळ्या वायरी लावल्या. बटण दाबलं. आतल्या पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि तो थांबला. परत दाबलं, पुन्हा तेच.

रविवारी सकाळपासून मी जमिनीवर कॅबिनेट उघडून बसले. प्लगमध्ये टेबललॅम्प लावून बघितला, लागला. एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, बिघडला असेल म्हणून त्याची हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली. त्याचा पंखा व्यवस्थित फिरला, म्हणजे तोही ठीक होता. रॅम काढून, पुसून पुन्हा बसवली. समोरच्या बटणाच्या बारीक वायरी पुस्तिकेत बघून परत लावल्या. प्रोसेसर उचलून पाहिला, एकही पिन वाकलेली नव्हती. दुकानदाराला फोन केला, तर रविवार असल्याने दुकान बंद होतं.

तीन वाजता सासूबाई नवं लुगडं नेसून प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसल्या. मांडीवर जवळ्याची ताटली. नुसत्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

सव्वाचारला मोबाईल वाजला. "कॉल लागत नाहीये. काय झालं?"

"कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. मी नवा बोर्ड टाकला काल."

"आईला दे."

मी मोबाईल त्यांच्या कानाला लावला. त्यांनी दोन्ही हातांनी तो दाबून धरला. "कोन? कोन हाय?" दोनतीनदा विचारलं आणि मोबाईल मला परत दिला. "र्‍हाव दे. त्याला इचार, जेवला का."

"जेवलो म्हणून सांग," तो म्हणाला. "साडेपाचपर्यंत आहे मी इथे. बघ काही होतंय का. मग जहाज निघेल."

साडेपाचपर्यंत काही झालं नाही. सहाच्या सुमाराला मला कोर्समधले सर आठवले. सगळं करून थकलात की बोर्ड बाहेर काढा, पुठ्ठ्यावर ठेवा आणि चालू करून बघा, असं ते सांगायचे. मी बोर्ड उचलला. जुन्या बोर्डाला खालून आधार देणारा एक पितळी स्क्रू कॅबिनेटच्या पत्र्याला तसाच राहिला होता. नव्या बोर्डाला त्या जागी भोकच नव्हतं. स्क्रू बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होत होता. पुठ्ठ्यावर कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू झाला. मी त्याला फोन लावून बघितला, पण त्याचा मोबाईल बंद होता.

पुढचं बंदर तीन आठवड्यांनी होतं. ते मी सासूबाईंना बोटांवर मोजून दाखवलं. त्यांनी मान हलवली. पण रोज संध्याकाळी त्या खुर्चीत येऊन बसायच्या आणि विचारायच्या, "लागला?"

अकराव्या दिवशी दुपारी यार्डात शेजारणीचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. जहाज भर समुद्रात होतं. उरणला त्यांच्या पुतण्याने अग्नी दिला.

नवरा दीड महिन्याने आला. चारपाच दिवसांनी एकदा चहा पिताना म्हणाला, "त्या रविवारी नक्की काय बिघडलं होतं?"

मी सगळं सांगितलं. पितळी स्क्रूचंही.

"दुकानात दिला असतास तर?"

"तर रविवारी घरी कॉम्प्युटरच नसता. सोमवारी मिळणार होता."

"आणि जुनाच ठेवला असतास तर?"

"तर तू दिसला असतास. अडकत का होईना."

त्याने कप खाली ठेवला आणि गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला उठला. जानेवारीत तो परत जहाजावर गेला. मी यार्डात सांगून रविवारचीही ड्यूटी मागून घेतली.